उघड्या नळाचं शपथपत्र

आमच्या सासऱ्यांइतका कागद वाचणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि कागदाचा एवढा संशय घेणाराही झाला नाही. विद्वान लोक पुस्तकं वाचतात, रिकामटेकडे वर्तमानपत्रं वाचतात. मामाजी (सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे) कागद वाचत. कसलाही कागद. औषधाच्या बाटलीवरचं लेबल, एस.टी.च्या तिकिटाची पाठ, बियाण्याच्या पिशवीवरची मुंगीएवढी अक्षरं, काहीही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. आणि हे सगळं वाचायचं ते खालून वर. "वरतं लिहिलेलं असते ते आपल्याले खुश कराले," ते म्हणत, "अन् खाली लिहिलेलं असते ते आपल्याले फसवाले. म्हणून खालून वाचत जावं." चिखलीला तहसील कचेरीबाहेर एका कडुनिंबाखाली त्यांचं टेबल होतं. ते अर्जनवीस होते, म्हणजे ज्यांना लिहिता येत नाही किंवा लिहिता येऊनही सरकारपुढे हात कापतो अशा लोकांचे अर्ज, जबान्या, शपथपत्रं लिहून द्यायचे. डोक्याला काळी टोपी, अंगात उन्हाळ्यातही बंद गळ्याचा कोट आणि कानावर लाल पेन्सिल. ही पेन्सिल ते झोपतानाच काढत असावेत असा माझा अंदाज होता. पण सासूबाई म्हणायच्या, तेव्हाही काढत नाहीत.

लाल पेन्सिलीचा जाच घरादाराला होता. नातेवाइकांची खुशालीची पत्रं यायची, ती मामाजी वाचायचे आणि समासात शेरे मारायचे. एकदा धाकट्या मेहुण्याने नागपूरहून लिहिलं की माझी प्रकृती उत्तम आहे, आपली सर्वांची उत्तम असेलच. मामाजींनी 'असेलच' खाली रेघ मारली आणि उलट टपाली विचारलं, "हे कोणत्या आधारावर?" एस.टी.त बसले की आधी आतल्या सगळ्या पाट्या वाचायचे आणि नुसत्या वाचून थांबायचे नाहीत, पाळायचे. 'हात बाहेर काढू नये' अशी पाटी असायची, म्हणून गाडी सुटताना सगळे प्रवासी खिडकीतून हात हलवत असले तरी मामाजी दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती मान डोलवायचे. मला पहिल्यांदा वाटलं, माणूस रागावून चालला. मी घाबरून कुसुमला, म्हणजे बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "रागावले नाईत, पाटी वाचली त्यायनं."

मला बघायला ते आमच्या गावी, उंद्रीला आले, तो प्रसंगही असाच. मुलाकडे जमीन किती, विहिरीला पाणी किती, हे प्रश्न बरोबरच्या मंडळींनी विचारले. मामाजी शेवटी म्हणाले, "मुलाचा एखादा कागद दाखवा." माझ्या वडिलांनी मोठ्या अभिमानाने माझा इंजिनिअरिंग डिप्लोमा काढून पुढे ठेवला. मामाजींनी तो उचलला, पुढून पाहिलाच नाही, सरळ उलटा केला. पाठ कोरी. ती त्यांनी उजेडाकडे धरून नीट पाहिली आणि म्हणाले, "मागं काई लिहिलेलं नाई. पोरगा चांगला दिसते." एवढ्यावर माझं लग्न ठरलं. लग्नपत्रिकेचा मसुदा छापखान्यातून आला, तर त्यात 'सहकुटुंब सहपरिवार' वर लाल रेघ. "परिवार म्हंजे किती मानसं? व्याख्या द्या, नाई त काढून टाका." आणि पत्रिकेच्या तळाशी, बारीक अक्षरात, 'यजमानांच्या ताब्याबाहेरील कारणामुळे मुहूर्त टळल्यास यजमान जबाबदार राहणार नाहीत.' आमच्याकडच्या मंडळींनी ते वाचून कपाळाला हात लावला. मुहूर्त मात्र मिनिटानेही टळला नाही, कारण मामाजी घड्याळ घेऊन भटजींच्या मागे उभे होते.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चार-दोन वर्षंच झाली असतील. मी खामगावला कापसाच्या एका जिनिंगमध्ये मशिनरीच्या कामावर होतो आणि जिनिंगच्याच आवारातल्या चाळीत आमचं बिऱ्हाड होतं. मालकांनी पश्चिम जर्मनीहून नवी यंत्रं मागवायचं ठरवलं आणि ती शिकून यायला दोन वर्षांसाठी माझी निवड झाली. ही बातमी फुटल्यावर जो तो मला सल्ले देऊ लागला. कोणी थंडीची भीती घातली, कोणी खाण्याची. चाळीतल्या एका आजींनी तिकडच्या बायकांची घातली. मामाजी बातमी ऐकून चिखलीहून पहिल्या गाडीने आले, पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी म्हणाले, "कागद कुठं आहे?"

कागद होताच, आणि तो एक नव्हता, गठ्ठा होता. तिकडच्या कारखान्याने परदेशी उमेदवारांसाठी इंग्रजीत माहिती पाठवली होती आणि त्यात निम्मी पानं विम्याची. मला विमा म्हणजे एकच ठाऊक, माणूस गेल्यावर घरच्यांना मिळतो तो. इथे माणूस जिवंत असतानाच त्याच्या नावाने तीन-तीन विमे. मी तो गठ्ठा बाजूला सारला होता. मामाजी कोर्टातून एका वकिलांचा जाडा कोश मागून घेऊन आले आणि तीन दिवस आमच्या चटईवर ठाण मांडून बसले. शब्द अडला की कोश, कोश अडला की मी. पहिला विमा आजारपणाचा होता. तो सक्तीचा, पगारातूनच कापायचा, आणि मग दवाखाना, औषध सगळं त्यातून. वर आजारी असताना काही आठवडे पगारही चालू. मामाजींनी चष्मा काढून पुसला. "आजारी पडल्यावर पगार भेटते? मंग तिथी कामाले जाते कोण?" मी म्हटलं, डॉक्टरचा दाखला लागतो. "हां," ते म्हणाले, "म्हंजे आहे तिथी पण कागद." त्यांना त्या देशाबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. दुसरा विमा कामावरच्या अपघाताचा, तो कारखानाच भरणार होता. त्याला त्यांनी हरकत घेतली नाही, फक्त 'कामावर' म्हणजे घरून निघाल्यापासून की फाटकात शिरल्यापासून, एवढं विचारणारं पत्र माझ्या सहीने कारखान्याला पाठवलं. घरून निघाल्यापासून, असं उत्तर आलं. मला त्या प्रश्नाची लाज वाटली होती, पण तिकडच्या बर्फात पहिल्यांदा पाय घसरला तेव्हा वाटली नाही.

घोडं अडलं ते तिसऱ्या विम्यावर. हा सक्तीचा नव्हता, ज्याला हवा त्याने घ्यावा. आपल्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान झालं, त्याची खिडकी फुटली, त्याचा गालिचा जळला, तर विमा कंपनी आपल्या वतीने ते भरून देणार. मी म्हटलं, "मामाजी, हा सोडून द्या. मी तिथे शिकायला चाललो, लोकांच्या खिडक्या फोडायला नाही." ते कागद खिशात घालून चिखलीला गेले आणि दोन दिवसांनी परत आले. "जवाईबापू, मी लय विचार केला. माह्याकडं अर्ज येतेत ना, त्यातले निम्मे कशाचे असतेत माहीत आहे? म्हशीचे. याची म्हैस त्याच्या वावरात घुसली. याचा आगटीचा इस्तव त्याच्या कडब्यात पडला. याचं मोरीचं पानी त्याच्या भितीत मुरलं. कोनी कोनाचं वाईट कराले जात नाई, पन होते. मंग दोन पिढ्या बोलनं बंद. हा विमा आपल्या इकडे असता, त भाऊ-भाऊ बोलत असते अन् मी उपाशी मेलो असतो."

मी आयुष्यात त्यानंतर विम्यावर पुष्कळ भाषणं ऐकली, पण या निंबाखालच्या माणसाइतकं ते कोणालाच कळलं नव्हतं. तरी मी ताठरपणाने म्हणालो, "मी म्हैस नेत नाही बरोबर." "म्हैस नसते तिथी मानूस घुसते," मामाजी म्हणाले आणि माझ्यापुढे फॉर्म सरकवला. तो त्यांनी आधीच भरला होता, मला फक्त सही करायची होती. शिवाय सर्वांत शेवटच्या ओळीखाली लाल पेन्सिलीची दुहेरी रेघ होती. जाणूनबुजून केलेलं नुकसान भरून मिळणार नाही, अशी ती ओळ. "सारा कागद एकीकडं अन् ही ओळ एकीकडं. मेख इथी आहे. ध्यानात ठेवजा." मी सही केली, केवळ त्यांनी उठावं म्हणून.

आणखी एक गोष्ट तेव्हा ठरली. कुसुम सहा महिन्यांनी माझ्याकडे यायची होती. पण तिकडच्या सरकारची अट अशी की बायकोला बोलवायचं तर राहायच्या जागेचा कागद हवा, आणि त्यावर घरमालकाची सही हवी. मामाजींची अटही तीच. "मुलगी पाठवीन, पन छपराचा कागद पाहून." मी हो म्हणालो आणि बोटीत बसलो.

ज्या गावी कारखाना होता तिथे एका विधवा बाईंच्या घरात मला वरची खोली मिळाली. बाई उंच, सडसडीत, कमी बोलणाऱ्या. खाली त्यांची बैठकीची खोली, तिथला गालिचा आणि दिवंगत यजमानांचं भिंतीएवढं घड्याळ त्या रोज स्वतः पुसत. माझ्या खोलीत तोंड धुवायचं भांडं होतं, वर नळ, तळाशी साखळीला बांधलेलं रबरी बूच. चार-पाच महिने माझं वागणं इतकं सालस की बाईंनी कुसुमसाठी शेजारची छोटी खोलीही द्यायचं कबूल केलं. तिचं बोटीचं तिकीट झालं, बरोबर येणारं कुटुंबही ठरलं. कागदावर बाईंची सही तेवढी राहिली होती, ती रविवारी करू म्हणाल्या. आणि गुरुवारी मी म्हैस झालो.

झालं ते असं. गुरुवारी सकाळी उठून नळ फिरवला, तर पाणी नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पाणी नाही! काय सांगू, मला बरं वाटलं हो. आपलंच गाव भेटल्यासारखं वाटलं. आमच्या चाळीत पाणी येणार ते जिनिंगच्या विहिरीवरचा पंप चालेल तेव्हा, आणि पंप चालणार तो त्याच्या मर्जीने. म्हणून चाळीतलं कोणीही कोरडा नळ बंद करत नसे. नळ उघडा ठेवायचा, खाली बादली लावायची, बादली भरून वाहिली तर तेही पाणी फुकट जाऊ नये म्हणून मोरीच्या भोकात चिंधीचा बोळा कोंबायचा आणि खुशाल कामाला जायचं. आल्यावर भांडी घासायला, फरशी पुसायला पाणी तयार. हे सगळं माझ्या हातांना पाठ होतं, डोक्याला विचारायची गरजच नव्हती. मी नळ पूर्ण उघडा ठेवला, बूच घट्ट दाबून बसवलं आणि शीळ घालत कारखान्यात गेलो. रस्त्यात नळ दुरुस्ती असल्याने नऊपर्यंत पाणी बंद राहील अशी चिठ्ठी खाली दारावर लावलेली होती. ती मी पाहिली होती. मला वाटलं, कोणाचा तरी कुत्रा हरवला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीआधीच फाटकावरून निरोप आला की घरी जा. मी धावत गेलो. जिन्यावरून पाणी पायरी-पायरीने उतरत होतं. बैठकीच्या छताचा गिलावा खाली आला होता, गालिच्यावर चिखल आणि भिंतीएवढं घड्याळ पाण्याने फुगून थांबलेलं. बाई बाजार करून आल्या तेव्हा हे दिसलं. त्या रबरी बूट घालून मधोमध उभ्या होत्या. ओरडल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्यांनी नुसतं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "का?" मला जर्मनमध्ये 'का'चं उत्तर येत नव्हतं. मराठीतही आलं नसतं. मी बादलीने पाणी उपसू लागलो आणि रडूही लागलो, हे कबूल करायला आता लाज नाही. रविवारी सही झाली नाही. विम्याचं काय ते ठरल्याशिवाय पुढची गोष्ट नको, असं बाई म्हणाल्या. कुसुमची बोट निघायला दीड महिना उरला होता.

विमा आहे हे माझ्या घोर काळजीतही लख्ख आठवलं, आणि मामाजींचे पाय धरावेसे वाटले. कारखान्याने कळवल्यावर विमा कंपनीचा तपासनीस आला. गुटगुटीत, नम्र, इंग्रजी येणारा गृहस्थ, बगलेत चामडी बॅग. त्याने छत पाहिलं, घड्याळ पाहिलं, वर येऊन नळ पाहिला आणि मला खुर्चीत बसवलं. "नळ तुमच्याकडून चुकून उघडा राहिला ना?" मी प्रामाणिकपणे म्हटलं, "नाही. मीच ठेवला." "पाणी येत नव्हतं, तरी?" "येत नव्हतं म्हणूनच." त्याने लिहायचं थांबवलं. "आणि बूच? ते चुकून बसलं?" "नाही, मीच बसवलं. पाणी वाया जाऊ नये म्हणून." बिचारा! मला वाचवायला तीनदा दार उघडून देत होता आणि मी तीनदा स्वतःच्या हाताने लावून घेतलं. शेवटी तो खिन्नपणे म्हणाला, नळ जाणूनबुजून उघडा ठेवला, बूच जाणूनबुजून लावलं, तर माझी कंपनी याला अपघात कसा म्हणेल? कोरडा नळ मुद्दाम उघडा ठेवून कोणी माणूस घराबाहेर जातो का? मी म्हटलं, आमच्याकडे सगळेच जातात. तो म्हणाला, याला काही पुरावा?

त्याच संध्याकाळी मी मामाजींना सगळं खरं लिहिलं. लिहिताना दिसत होतं, ते वाचणार, शेवटून वाचणार, आणि लाल पेन्सिलीने मला आरपार छेदणार. मुलगी पाठवत नाही असं लिहितील, तेही मनात होतं, आणि तसं लिहिलं असतं तर चूक त्यांची नसती. त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. बाई खाली, मी वर, आणि मध्ये ते छत, लाकडी खांब लावून टेकवलेलं. मी जिन्यावरून चोरासारखा जात-येत असे.

तीन आठवड्यांनी एक जाडजूड लिफाफा आला. आत पत्र नव्हतं. आत स्टँपपेपरवर लिहिलेलं शपथपत्र होतं, मामाजींच्या अक्षरातलं मूळ मराठी, त्याला जोडून एका वकिलांनी केलेलं इंग्रजी, आणि दोन्हींवर मॅजिस्ट्रेटसमोर शपथ घेतल्याचे शिक्के. मागाहून कळलं की मामाजी निंबाखालचं टेबल बंद ठेवून आठ दिवस आमच्या खामगावच्या चाळीत जाऊन राहिले होते. दारोदार फिरले, प्रत्येक मोरीत वाकून पाहिलं, प्रत्येकाची जबानी घेतली. 'मी खाली सही करणार, धंदा अर्जनवीस, राहणार चिखली, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की,' अशी सुरुवात होती आणि पुढे कलमं. सदर चाळीत एकंदर चौदा बिऱ्हाडे असून चौदाही बिऱ्हाडांत कोरडा नळ उघडा ठेवण्याची वहिवाट आहे. सदर वहिवाट कोणाचेही नुकसान करण्याच्या हेतूने नसून पाण्याच्या आशेने आहे. मोरीस बोळा लावणे हे या भागात काटकसरीचे व शहाणपणाचे समजले जाते. जो लावत नाही त्यास घरातील स्त्रिया बोलतात. याखाली चाळीतल्या बायाबापड्यांच्या सह्या आणि अंगठे. जिनिंगच्या इंजिनवाल्याची वेगळी जबानी होती, 'पंप केव्हा चालू होईल हे मला सांगता येत नाही, आजवर कधीच सांगता आलेले नाही.' आणि त्याच्या खालचं कलम वाचून मी डोळे मिटले, 'सदर पंप दुरुस्त ठेवण्याचे काम सदर जावयाकडेच होते, हेही सत्य आहे.' हे लिहायची काही गरज होती का, सांगा! पण शपथ म्हणजे शपथ.

तपासनीसाने ते बाईंच्याच बैठकीत, खांबांच्या मध्ये उभं राहून मोठ्याने वाचलं. इंग्रजीतून जर्मन करून बाईंना सांगत होता. अंगठ्यांपाशी आला तेव्हा त्याने चष्मा वर करून ते ठसे एकेक मोजल्यासारखे पाहिले. घरातील स्त्रिया बोलतात, इथे बाईंच्या ओठाचा कोपरा हलला. पंपाच्या कलमाला तपासनीसाचं पोट हलायला लागलं, मग तो चक्क खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसला. "ज्याला खोटं बोलायचं असतं," तो म्हणाला, "तो हे कलम लिहीत नाही." कागद त्याने बॅगेत ठेवला, आणि आठवड्याच्या आत कंपनीचं पत्र आलं की हा प्रकार सवयीने झालेला निष्काळजीपणा आहे, मुद्दाम केलेलं नुकसान नव्हे, छत, गालिचा आणि घड्याळाची दुरुस्ती कंपनी करून देईल.

छातीवरचा धोंडा उतरणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. मी पत्र घेऊन खाली गेलो. बाई स्वयंपाकघरातून आल्या, शेजारच्या खोलीचा कागद त्यांच्या हातात होता, सही केलेला. "तुमच्याकडे चौदा घरं रोज अशीच पाण्याची वाट बघतात?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. कागद माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "बायकोला सांगा, इथे वाट बघावी लागत नाही. फक्त नळ बंद करायचा." कुसुम ठरलेल्या बोटीने आली. स्टेशनवर मी तिचं सामान उचललं. तिने पहिला प्रश्न विचारला, "नळ बंद करून आले ना तुमी?"

शपथपत्राचं शेवटचं कलम मी अजून सांगितलेलं नाही. ते तपासनीसानेही मोठ्याने वाचलं नाही; माझ्यापुढे धरलं आणि बोटाने दाखवलं. 'सदर जावई स्वभावाने सरळ, कामात चोख व मनाने निर्मळ असून उघड्या नळाखेरीज अन्य कोणतीही खोड त्यांस नाही. माझी एकुलती एक मुलगी मी राजीखुशीने त्यांचेकडे इतक्या दूर पाठवीत आहे, यावरून माझ्या विश्वासाची खात्री व्हावी.' लग्नाला तेव्हा दोन वर्षं होत आली होती आणि मामाजींच्या तोंडून मी स्वतःबद्दल एक बरा शब्द ऐकला नव्हता. ऐकायची अपेक्षाही नव्हती. मी ते कलम दोनदा वाचलं आणि खिडकीकडे जाऊन उभा राहिलो.

मुदत संपवून आम्ही परत आलो. चिखलीला गेलो तेव्हा मामाजी ओसरीवर चहा घेत होते. थकले होते, टोपीखालचे केस पार पांढरे. कुसुम आत आईकडे गेली, तशी मी हळूच विषय काढला. "मामाजी, ते शेवटचं कलम..." "कोनतं?" "माझ्याबद्दल लिहिलं होतं ते." त्यांनी बशीत चहा ओतला. "ते कामापुरतं होतं. अर्जाले वजन याले पाह्यजे त तसं लिहाच लागते." मी म्हटलं, बरं. ओसरीवर दोघेच, आतून मायलेकींचं बोलणं ऐकू येत होतं. बशी संपली. ती खाली ठेवून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "पन जवाईबापू, मॅजिस्ट्रेटपुढं शपथ घेतली होती मी. शपथेवर मी आजवर खोटं नाई लिहिलं."

आता मामाजी नाहीत. तो कागद त्यांनी कधी न पाहिलेल्या देशातल्या एका कचेरीत कुठेतरी पडला असेल. मी निघताना मागितला होता, पण फाइलमधला कागद देता येत नाही म्हणाले. पुढे नोकरीत मला चांगलं म्हणणारी माणसं बरीच भेटली, निरोपाच्या समारंभात तर हारांबरोबर भाषणंही झाली. पण शपथेवर तसं कोणी म्हणालं नाही.